जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणि पेडल मूळचे आहेत का जोडाजोड, कसं ओळखायचं

आपल्या सोलापूर भागात जुनी जीप विकायला निघाली की मालक हमखास सांगतो, मिलिटरीची विलीज (युद्धात जीप बनवणारी अमेरिकन कंपनी) आहे, सगळं ओरिजिनल. आरसी बुकात फक्त चासी आणि इंजिन नंबर असतंय, गिअरबॉक्सचा नाही, म्हणून खाली काय बसवलंय ते आपणच बघायला लागतंय. रंग बघून काहीच कळत नाही, इंजिनाचे आणि प्रोपेलरचे (चाकांकडं फिरणं नेणाऱ्या लांब दांड्याचे) फेरे मोजा.

महायुद्धातल्या विलीजच्या एमबी जीपला टी-८४ गिअरबॉक्स होता आणि नंतरच्या सीजे-३बीला, म्हणजे उंच बॉनेटवालीला, टी-९०. दोन्ही तीन गिअरचे. चार गिअर दिसले तर तो बॉक्स सहसा नंतरच्या महिंद्राचा असतो.

मोजायचं असं: चारही चाकं घोडीवर घ्या, बॅटरीची वायर काढा, चारही प्लग काढा म्हणजे इंजिन पुढून घालायच्या स्टार्टिंग हँडलनं हलकं फिरतं. ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समागची पेटी, जी पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटते आणि हाय-लो बदलते) हायमध्ये, गाडी रिव्हर्समध्ये. मागच्या प्रोपेलरवर खडूची खूण करा, आधी हँडल थोडं फिरवून गिअरमधला ढिलेपणा काढा आणि मग प्रोपेलरचे १० फेरे होईपर्यंत हँडलचे फेरे मोजा. साधारण ३५ आणि अर्धा आले तर टी-८४, ३८ आले तर टी-९०. पहिल्या गिअरमध्येही फरक आहे, पण २६.७ आणि २८ असा जवळचा, त्यात मोजणी चुकते, म्हणून रिव्हर्सच धरा. आता तिसरा गिअर, फोर बाय फोर आणि लो टाका, त्याच १० फेऱ्यांना एमबीच्या ट्रान्सफर केसला जवळपास २० फेरे लागतात आणि सीजेच्याला साडेचोवीस. गिअरबॉक्स एकाचा आणि ट्रान्सफर केस दुसऱ्याची निघाली तर आत दात नीट जुळलेत का ते उघडून बघाच, कारण जुन्या ट्रान्सफर केसचा मधला शाफ्ट पाऊण इंची होता, नंतर जाड केला, आणि चुकीचे गिअर एकत्र बसवले की सगळ्या गिअरमध्ये घुईं आवाज येत राहतो.

अॅक्सल विसरू नका. एक चाक जमिनीवर, त्याच अॅक्सलचं दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रल, फोर बाय फोर काढलेला. उचललेलं चाक दोन पूर्ण फेरे फिरवा आणि प्रोपेलर किती फिरला ते बघा. पाचला थोडा कमी म्हणजे ४.८८, एमबीचा. साडेपाचच्या जवळ म्हणजे ५.३८, सीजेचा. पुढचा आणि मागचा वेगळा निघाला तर ही गाडी डांबरी रस्त्यावर फोर बाय फोरमध्ये अजिबात चालवू नका, गिअर तुटतील.

आता पेडल. माझ्या मते खरी गडबड इथंच होते, आणि जिवाशी खेळ पण इथंच आहे. युद्धातल्या जीप डाव्या स्टिअरिंगच्या, आपल्याकडं चालवायला अनेकांनी त्या उजव्या करून घेतल्या, त्यात पेडल उजवीकडं नेले, पण क्लचचा फोर्क (क्लच दाबणारा दांडा) बेल हाउसिंगच्या, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या कवचाच्या, डाव्या बाजूलाच राहतो, मग पेडल आणि फोर्क यांच्यामधला शाफ्ट लांबवायला तुकडा जोडतात. गाडीखाली झोपून डाव्या चासी पट्टीवर जुनी रिकामी भोकं आहेत का, उजवीकडं हातानं केलेलं वेल्डिंग आहे का, शाफ्टला जोड आहे का, पेडल दाबल्यावर ब्रॅकेट लवतंय का, हे टॉर्च लावून बघा. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज नोंदणी आहे, तिथं चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल चालत नाही, म्हणून चासी कापलेली असेल तर तेही आधीच कळलेलं बरं.

फोर्डनं बनवलेल्या युद्धातल्या जीपच्या सुट्या भागांवर, अगदी पेडलवरसुद्धा, एफ अक्षर असतं, विलीजच्या भागांवर नसतं. एका पेडलवर एफ आणि दुसऱ्यावर नाही तर जोडी बदललेली आहे.

क्लचचा फ्री प्ले (पेडलची सुरुवातीची मोकळी चाल) पाऊण ते एक इंच लागतो, ब्रेकचा अर्धा इंच. ब्रेकचा प्ले शून्य असेल तर पुश रॉड लांब आहे किंवा पेडलच दुसऱ्या गाडीचं आहे, मग मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र उघडत नाही, तेल मागे येत नाही आणि ब्रेक धरून राहतात, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ड्रम तापून वास सुटतो. क्लच प्लेट काढायची वेळ आली तर व्यास मोजा, एमबीची ७ ⅞ इंच, सीजेची साडेआठ, आणि प्रेशर प्लेट तिच्याच मापाची हवी. पेडलचा शाफ्ट नवा करून घ्यायचा असेल तर अक्कलकोट रोड एमआयडीसीत चांगले लेथवाले आहेत, अख्खा एकाच तुकड्यातून कापून घ्या, जोड द्यायला लावू नका.