नायट्रोजनचं भांडं हलवताना

मकरपुऱ्यातल्या आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना मी आधी वजन सांगते. ५० लिटरच्या भांड्यात नुसता द्रव नायट्रोजनच (अतिथंड, सतत उकळून वायू होत राहणारा) ४० किलो भरतो, भांड्याचं वजन वेगळं. त्यामुळे उचलायचं नाही. चाकांच्या स्टँडवरून, दोघांनी, ढकलत न्यायचं. त्याआधी मोकळ्या हातांनी वाट चालून या. उखडलेली लादी, दाराचा उंबरा, लिफ्टच्या तोंडाशी असलेली फट, चाक अडकतं ते इथेच. भांडं कलंडायला लागलं तर धरायला धावू नका, बाजूला व्हा.

लिफ्टमधून भांडं एकटंच पाठवा. १ लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो. लिफ्ट मध्येच बंद पडली तर आतला ऑक्सिजन कमी होतो, आणि काही कळायच्या आत माणूस कोसळतो. वास नाही, ठसका नाही. एकानं खालून पाठवायचं, दुसऱ्यानं वर उभं राहायचं. मधल्या मजल्यावर कुणी शिरू नये म्हणून भांड्यालाच ठळक पाटी अडकवा.

झाकण सैलच असतं, तसंच राहू द्या. घट्ट बूच ठोकलं तर दाबानं भांडं फुटतं.

चेहऱ्यावर शील्ड, झटकन निघतील असे सैल हातमोजे, पँट बुटांच्या वरून. मे महिन्याच्या उकाड्यातही चपला घालून आलेल्याला मी स्टँडला हात लावू देत नाही.