प्लास्टरचं माप परांची उतरण्याआधीच घ्या

प्लास्टरच्या बिलावरून मुख्य ठेकेदार आणि प्लास्टरवाला यांच्यात हमखास वाद होतो, तो खिडक्या-दरवाजांच्या वजावटीवरून. परांची उतरली की पुन्हा मोजायला कोणी चढत नाही, मग दोघंही अंदाजावर भांडतात. आणि एकदा का मिस्त्रीला वाटलं की आपलं माप मारलं, की पुढच्या साइटवर तो चांगली माणसं पाठवत नाही.

१. काम सुरू होण्याआधीच वजावटीचा नियम कागदावर लिहा. आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाप्रमाणे ०.५ चौ. मी.पर्यंतच्या उघाड्याची (खिडकी-दरवाजासाठी सोडलेल्या मोकळ्या जागेची) वजावट नाही, ०.५ ते ३ चौ. मी.पर्यंत दोन्ही बाजूंना सारखं प्लास्टर असेल तर एकाच बाजूची. त्याहून मोठ्या उघाड्याची दोन्ही बाजूंची, पण कडांचं प्लास्टर वेगळं धरायचं.

२. दर शनिवारी सुपरवायझर आणि मुकादम यांनी एकच टेप धरून मोजावं.

३. डुप्लिकेट वहीत लिहून तिथेच दोघांच्या सह्या, एक प्रत मुकादमाकडे. त्याच पानावर त्या आठवड्याची उचलही लिहा.

दर ब्रासवर ठरला असेल तर १०० चौ. फुटांचा एक ब्रास, हेही पहिल्या पानावर असू द्या.

फक्त एक जपा: कोऱ्या पानावर सही घेऊ नका, देऊही नका.