घरातील वृद्ध व्यक्ती वाट चुकून बेपत्ता झाल्यास पोलीस शोध कसा घेतात आणि त्यात आपण काय करावे

काही वर्षांपूर्वी एका दुपारी आमची आत्या पुण्यातल्या कोथरूडच्या घरातून निघून गेली. तिचे वय ८२ होते आणि स्मृतिभ्रंशाचे निदान होऊन तीन वर्षे झाली होती. पोलीस ठाण्यात आतेभाऊ तिचे वर्णन सांगत होता: उंची, रंग, हिरव्या काठाची सुती साडी, हनुवटीवरचे गोंदण. लिहून घेणारे हवालदार मध्येच थांबले आणि म्हणाले, “घरातली कुठली वस्तू जागेवर नाही, ते आधी कुणाला तरी बघायला सांगा.” वहिनीने स्वयंपाकघर पाहिले, तेव्हा ओट्याखालचा दळणाचा स्टीलचा डबा नाहीसा झालेला आढळला. त्यानंतरचा सगळा शोध त्या डब्याच्या आधाराने झाला, कारण एकट्या म्हाताऱ्या बाईकडे कुणाचे लक्ष जात नाही, पण गव्हाचा डबा कमरेवर घेऊन बसमध्ये चढणारी बाई कंडक्टरच्याही लक्षात राहते आणि थांब्यावरच्या रसवंतीवाल्याच्याही.

स्मृतिभ्रंश झालेला माणूस बहुतेक वेळा निरुद्देश भटकत नसतो. त्याला कुठेतरी पोचायचे असते, फक्त ते ठिकाण आजच्या पुण्यात नसते. त्यामुळे असा शोध चांगला व्हायचा असेल, तर पोलिसांना त्या माणसाच्या पत्त्याइतकेच त्याचे जुने आयुष्यही कळावे लागते आणि ते सांगणे घरच्यांचेच काम असते.

आधी घर, पण पंधरा मिनिटेच

माणूस दिसत नाही हे लक्षात आल्याबरोबर घर आणि इमारत पूर्ण पाहावी. आतून कडी लागलेले स्नानगृह, पलंगामागची जागा, गच्ची, पाण्याच्या टाकीजवळचा कोपरा, लिफ्टची खोली, पार्किंगमधल्या उघड्या राहिलेल्या गाडीचे मागचे आसन, शेजारचे रिकामे घर अशा जागा पाहायच्या राहून जातात. पोलीसही आल्यावर पुन्हा घरच तपासतात, त्याचा राग मानू नये. एकदा पाहिलेल्या खोलीत माणूस नंतर येऊन बसलेला असू शकतो. यासाठी पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. त्याच वेळी दुसऱ्याने सोसायटीच्या सुरक्षारक्षकाला विचारावे आणि एकाने घरीच थांबावे, कारण माणूस आपण होऊन परत आला तर दार उघडायला कुणी तरी हवे.

चोवीस तास थांबायचे नसते

बेपत्ता व्यक्तीची तक्रार चोवीस तासांनंतरच घेतली जाते, हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. असा कोणताही नियम नाही. ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि लगेच एकाने जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. उन्हाळ्याच्या दुपारी पाण्याविना फिरणाऱ्या किंवा इन्सुलिनची वेळ चुकलेल्या वृद्धासाठी पहिले काही तास फार महत्त्वाचे असतात.

इथे एक बारकावा समजून घ्यायला हवा. अठरा वर्षांखालील मूल हरवल्यास पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात, प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत मात्र सामान्यतः ‘मिसिंग’ची नोंद होते, कारण प्रौढ माणसाला आपल्या मर्जीने घर सोडून जाण्याचा अधिकार असतो. म्हणून नुसते “वडील सकाळपासून घरी नाहीत” असे सांगितले, तर ती नोंद इतर प्रौढांच्या नोंदींसारखीच मानली जाण्याची शक्यता राहते. पहिल्याच वाक्यात स्पष्ट सांगावे, की यांना स्मृतिभ्रंश आहे, यांना घरचा पत्ता सांगता येत नाही आणि यांच्या जिवाला धोका आहे. डॉक्टरांचा कागद किंवा औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. मनोरुग्णांच्या हक्कांसाठीच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत स्मरणशक्ती आणि स्थळकाळाचे भान यांतील गंभीर बिघाडाचा समावेश आहे. असा माणूस निराधार फिरताना आढळल्यास त्याला संरक्षणाखाली घेणे, चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणे आणि त्याचे कुटुंब शोधणे हे कलम १०० अन्वये पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

नोंद झाल्यावर मिसिंग क्रमांक, तपास अंमलदाराचे नाव आणि त्यांचा मोबाइल क्रमांक लिहून घ्यावा. ठाण्यात टाळाटाळ होत असल्याचे वाटले, तर वाद घालत बसण्यापेक्षा वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना भेटावे किंवा नियंत्रण कक्षाला पुन्हा फोन करावा.

काय सांगावे

फोटो अलीकडचा द्यावा, लग्नसमारंभातला नव्हे. चष्मा लावलेला, घरच्या कपड्यांतला, पूर्ण उंचीचा फोटो उपयोगी पडतो. चालतानाची एखादी चित्रफीत असेल तर ती त्याहून उपयोगी, कारण सीसीटीव्ही कॅमेऱ्यात पुष्कळदा चेहरा दिसत नाही, चाल दिसते. कवळी, श्रवणयंत्र, काठी, पायातल्या चपला, सुरू असलेली औषधे, बोलण्याची भाषा, गणवेशधारी माणसाची भीती वाटते का, कोणत्या नावाने हाक मारल्यावर वळून पाहतात, हे सगळे सांगावे. आमची आत्या कागदोपत्री नावाला ओ देत नसे, ‘बेबी’ म्हटले की लगेच पाहत असे.

यानंतर जुना जीवनक्रम सांगावा. पुण्यात हा भाग विशेष महत्त्वाचा आहे, कारण हे शहर ज्येष्ठांच्या डोळ्यांदेखत जागचे हलले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांतली असंख्य कुटुंबे घर सोडून लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर या बाजूंना गेली. आज ऐंशीच्या आसपास असलेल्या अनेकांच्या मनातले ‘घर’ नारायण पेठेतल्या किंवा शनिवार पेठेतल्या एखाद्या वाड्यात आहे आणि त्या वाड्याच्या जागी आता सहा मजली इमारत उभी आहे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात किंवा पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये तीस वर्षे नोकरी केलेला माणूस पाळीच्या वेळेला उठून निघू शकतो. रोज डेक्कन क्वीनने मुंबईला ये-जा केलेला माणूस पहाटे पुणे स्टेशनचा रस्ता धरतो. गावी जायचे म्हणून निघालेला माणूस शिवाजीनगरच्या जुन्या एसटी स्थानकापाशी जाऊन गोंधळतो, कारण मेट्रोच्या कामासाठी ते स्थानक वाकडेवाडीला हलवले गेले आहे. म्हणून माहेर, पहिली नोकरी, जुनी शाळा, नेहमीचे देऊळ, हयात नसलेल्या पण हल्ली सारख्या आठवणाऱ्या माणसांची घरे आणि गेल्या आठवड्यात वारंवार बोलण्यात आलेले ठिकाण, यांची यादी तपास अंमलदाराच्या हातात द्यावी. “आज बाबांना उशीर झाला असेल, मी दळण घेऊन येते,” हे वाक्य आत्याने आदल्या दिवशी दोनदा म्हटले होते आणि आम्ही ते ऐकून सोडून दिले होते.

घाबरलेल्या अवस्थेत एवढे सगळे आठवत नाही, त्यामुळे ते आधीच एका कागदावर लिहून ठेवणे हाच मार्ग आहे. ब्रिटनमध्ये यासाठी ‘हर्बर्ट प्रोटोकॉल’ नावाची पद्धत आहे. दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीला उतरलेले जॉर्ज हर्बर्ट नावाचे सैनिक म्हातारपणी स्मृतिभ्रंशाने ग्रासले आणि बालपणीचे घर शोधायला बाहेर पडले असतानाच मरण पावले. त्यांच्या नावाने नॉरफोक पोलिसांनी एक नमुना अर्ज तयार केला. घरच्यांनी तो आधीच भरून ठेवायचा आणि प्रसंग आला की थेट पोलिसांच्या हाती द्यायचा. आपल्याकडे असा छापील अर्ज नसला, तरी दोन पानांचा कागद आणि एक फोटो घरातल्या तिघांच्या मोबाइलमध्ये असायला काहीच हरकत नाही. तसेच, आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठ नागरिकांची, विशेषतः एकटे राहणाऱ्यांची, यादी पोलीस ठाण्याने ठेवणे अपेक्षित असते. त्या यादीत नाव आहे का, हे शांतपणाच्या काळातच जाऊन विचारावे.

पोलीस काय करतात

नोंद होताच वर्णनाचा बिनतारी संदेश इतर ठाण्यांना आणि गस्तीवरच्या बीट मार्शलना जातो. पुण्यात हद्दीची अडचण लक्षात ठेवायला हवी. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय वेगळे झाले आहे, जिल्ह्याच्या उरलेल्या भागाला पुणे ग्रामीण पोलीस आहेत आणि रेल्वे स्थानकात लोहमार्ग पोलिसांची हद्द सुरू होते. स्वारगेटला बसलेला माणूस तासाभरात निगडीला, म्हणजे दुसऱ्या आयुक्तालयात पोचतो. संदेश या सर्वांकडे गेला का, असे तपास अंमलदारांना नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. रेल्वेने गेल्याची शंका असेल, तर १३९ या क्रमांकावरही कळवावे.

त्यानंतर कॅमेऱ्यांची साखळी सुरू होते. शेवटचा दिसला त्या जागेपासून माणूस कोणत्या दिशेला वळला ते एका कॅमेऱ्यात पाहायचे, मग त्या दिशेचा पुढचा कॅमेरा गाठायचा, असे हे चिकाटीचे काम असते. चौकातले कॅमेरे पोलिसांकडे असतात, पण निम्मी साखळी सोसायट्या, किराणा दुकाने आणि औषधांची दुकाने यांच्या खाजगी कॅमेऱ्यांतून जुळते. दुकानातल्या यंत्रावरची वेळ पुष्कळदा दहा-वीस मिनिटे पुढे-मागे असते, म्हणून पडद्यावरची वेळ आणि आपल्या मोबाइलमधली वेळ यांतला फरक प्रत्येक ठिकाणी आधी टिपून घ्यावा, अन्यथा योग्य माणूस चुकीच्या वेळी शोधला जातो आणि सापडत नाही. जुने चित्रण आपोआप पुसले जात असल्याने हे काम पहिल्याच दिवशी करावे. पोलिसांच्या शेजारी घरचा एक माणूस बसलेला असावा. कर्वे पुतळ्याजवळच्या एका दुकानाच्या चित्रणात आम्हाला आत्याची फक्त पाठ दिसली, पण डाव्या बाजूला झुकून चालण्याची तिची लकब आतेभावाने क्षणात ओळखली.

बस, मेट्रो आणि रिक्षा यांची चौकशी याच वेळी होते. पीएमपीच्या आगारात कंडक्टरांच्या पाळ्या बदलतात, त्यामुळे दुपारच्या पाळीच्या माणसाला संध्याकाळच्या आत गाठणे महत्त्वाचे. मोबाइल जवळ असेल तर पोलीस त्याचे लोकेशन मिळवू शकतात, मात्र त्याची बॅटरी संपू नये म्हणून घरच्यांनी त्या क्रमांकावर सतत फोन करू नये.

रुग्णालयांची चौकशी पोलीस करतातच, तरी घरच्या एकाने ससूनला प्रत्यक्ष जावे. अनोळखी रुग्णाची नोंद अंदाजे वयाने आणि वर्णनाने झालेली असते, फोनवर नाव सांगून ती सापडत नाही. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणि महापालिकेचे रात्रनिवारे हीही पाहायची ठिकाणे आहेत. शवागारात चौकशी करणे जड जाते. ते काम मुलांवर न टाकता दूरच्या नातेवाइकाने किंवा मित्राने करावे.

पायी शोध

नातेवाईक साधारणपणे गाड्या काढून दूरवर फिरतात आणि जवळचे अंतर तसेच राहते. स्मृतिभ्रंश झालेला माणूस चालत राहतो तो काही तरी आडवे येईपर्यंत. मग तो कुंपणाशी, झुडपात, बांधकामाच्या पत्र्यांमागे किंवा नाल्याच्या कडेला अडकतो. तिथून तो मदतीसाठी ओरडत नाही आणि पुष्कळदा आपल्या हाकेला उत्तरही देत नाही. त्यामुळे हाका मारत पुढे जाणे पुरेसे नाही, प्रत्येक आडोसा डोळ्यांनी पाहावा लागतो. घराभोवतीचा पायी अंतरातला परिसर भाग पाडून, जोडीजोडीने आणि कोणता भाग पाहून झाला ते कागदावर नोंदवत तपासावा. पुण्यात मुठा कालव्याचा काठ, नदीपात्र, वेताळ टेकडी आणि तळजाईच्या वाटा यांना अग्रक्रम द्यावा. पाण्याजवळ खूण आढळली, तर स्वतः न उतरता १०१ वर अग्निशमन दलाला कळवावे. श्वानपथक येणार असेल, तर त्या व्यक्तीचा न धुतलेला कपडा इतर कुणी न हाताळता स्वच्छ पिशवीत ठेवावा. आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात मुक्कामी असताना वृद्ध माणूस एखाद्या दिंडीमागून चालत गेलेला असू शकतो, तेव्हा पुढच्या मुक्कामापर्यंत निरोप पोचवावा.

समाजमाध्यमांवर फोटो टाकताना पोलीस ठाण्याचा क्रमांक आणि मिसिंग क्रमांक द्यावा. घरचा पत्ता आणि दागिन्यांचे वर्णन देऊ नये. “तुमचे वडील माझ्याकडे आहेत, आधी पैसे पाठवा” असे फोन हमखास येतात. असा फोन आल्यास पैसे न पाठवता तो क्रमांक पोलिसांना द्यावा.

सापडल्यावर

आत्या संध्याकाळी साडेसातला नारायण पेठेत सापडली, जिथे कधी काळी पिठाची गिरणी होती त्या इमारतीच्या पायरीवर. डबा मांडीवर होता. आतेभाऊ धावत जाणार, तेवढ्यात हवालदारांनी त्याला हाताने थांबवले, टोपी काढून काखेत धरली आणि तिच्यापासून हातभर अंतरावर खाली बसून म्हणाले, “आजी, गिरणी आज बंद दिसतेय. चला, डबा मी घेतो.” ती लगेच उठली. समोरून, सावकाश, एकट्याने जवळ जावे, ती ज्या काळात आहे त्या काळातले बोलावे आणि “कुठे गेली होतीस, किती शोधले” असे विचारू नये, हे मी त्या दिवशी पाहून शिकलो.

आधी घोट घोट पाणी द्यावे आणि बरी दिसत असली तरी डॉक्टरांकडे न्यावे, कारण पडल्याचे किंवा डोक्याला लागल्याचे तिला सांगता येत नाही. त्यानंतर ठाण्यात जाऊन जबाब द्यावा आणि मिसिंगची नोंद बंद करून घ्यावी, नाही तर शोध कागदावर चालूच राहतो. समाजमाध्यमांवरचे फोटो त्याच रात्री काढून टाकावेत. ती कोणत्या वाटेने गेली, कुठे थांबली आणि कुठे सापडली हे तारखेसह आपल्या दोन पानी कागदावर लिहावे, कारण एकदा गेलेला माणूस पुन्हा बाहेर पडण्याची शक्यता असते आणि पुष्कळदा वाट तीच असते. आमच्या कागदावर आता पहिली नोंद नारायण पेठेतल्या त्या पायरीची आहे आणि वहिनीने आत्याच्या प्रत्येक पोलक्याच्या आतल्या बाजूला दोन फोन क्रमांक दोऱ्याने भरले आहेत.