स्टेन्ड ग्लास शिकताना आधी हात बसवा कापण्यावर

मुंबईच्या अफगाण चर्चमधल्या रंगीत खिडक्यांत काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवलेले आहेत. घरच्या लहान कामाला मात्र तांब्याच्या चिकटपट्टीची पद्धत सोपी पडते: प्रत्येक तुकड्याच्या कडेला पट्टी लावायची आणि तुकडे सोल्डरने, म्हणजे वितळवून जोड भरायच्या धातूने, डाखायचे. रंगीत काच एवढ्यात घेऊ नका. काचवाल्याकडून ३ मिमी जाडीच्या साध्या काचेचे तुकडे आणा, चष्मा लावा आणि कापत सुटा.

काच पुसा, कटरच्या चाकाला तेलाचा थेंब द्या आणि या काठापासून त्या काठापर्यंत न थांबता एकच रेघ ओढा. बारीक करकर ऐकू आली की दाब बरोबर. पांढरा चुरा निघाला तर जास्त. त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवायचा नाही, चाक खराब होतं. मग लगेच रेघेच्या दोन्ही बाजूंना मुठी धरून, अंगठे वर ठेवून, मनगटं बाहेर वळवा, म्हणजे काच रेघेवर तुटते. अरुंद पट्टी असेल तर पक्कड लागते. आत वळणारा बाक एका दमात तुटत नाही, थोडा थोडा कोरत जावा लागतो. म्हणून पहिल्या नक्षीत फक्त सरळ रेघा, पाच-सहा तुकडे. पानाफुलांचा मोह नंतर.

नक्षीच्या दोन प्रती काढा, तुकड्यांना क्रमांक द्या. तांब्याच्या पट्टीची जाडी धरून रेघेच्या किंचित आतून कापा. कडा पाणी लावूनच घासा. काचेची धूळ छातीत जाता कामा नये.

कडा कोरड्या करून साधारण ५.५ मिमी रुंदीची तांब्याची पट्टी कडेवर मधोमध चिकटवा, दोन्हीकडे सारखी दुमडा, लाकडी काडीने दाबून बसवा. इथे पट्टी तिरपी बसली तर ती सोल्डरखाली लपत नाही.

आता फ्लक्स, म्हणजे सोल्डर तांब्याला धरावं म्हणून लावायचं द्रव्य, लावून आधी ठिकठिकाणी टाके, मग सलग सोल्डर. ६०/४० ची (६० टक्के कथील, ४० टक्के शिसं) भरीव सोल्डर तार घ्या, रेडिओवाल्यांची आत रोझिन (राळ) भरलेली नको. सोल्डरिंग आयर्न, म्हणजे सोल्डर वितळवायचं अवजार, ८०-१०० वॉटचं हवं. एकाच जागी रेंगाळलात तर काच तडकते. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा हे काम स्वयंपाकघरात नको, खिडकी उघडी हवी आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

टांगायची कडी दोन तुकड्यांच्या जोडावरच डाखा. नुसत्या काठावर लावली तर वजनाने पट्टीच सुटून येते.