इर्विन पुलावरचा आकडा जगाच्या बैठकीत कसा न्यायचा

मी सांगलीत नदीकाठच्या प्रभागाची नगरसेविका होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ आहे. तेव्हापासून मी एकाच कामामागे लागले: हवामानाचे निर्णय जिथं होतात तिथपर्यंत आमच्या गल्ल्यांचं म्हणणं पोचवायचं. नव्यानं निवडून आलेल्यांसाठी ती वाट सांगते.

आधी भिंती वाचा. पूर ओसरला की भिंतीवर गाळाची रेघ राहते, आणि लोक घर धुवायला लागले की दोन दिवसांत जाते. त्याआधी टेप आणि ऑइल पेंटचा डबा घेऊन फिरायचं. एका पिठाच्या गिरणीत ती रेघ स्विचबोर्डच्याही वर होती. मालकानं स्वतः ब्रशनं तारीख घातली, मी शेजारी त्या दिवसाचा पुलावरचा आकडा लिहिला. असं घरोघर केलंत की पुलावर किती फूट झाले म्हणजे कुठल्या गल्लीची पहिली पायरी बुडते, हे तुमच्या वहीत येतं. माझ्या पहिल्या प्रस्तावात ही वहीच नव्हती, नुसते फोटो होते. तो परत आला, आणि यायलाच हवा होता.

मग महासभेत ठराव. मागणी एकच ठेवा. दहा घातल्या की एकही वर पोचत नाही. आमची अशी होती: २०२२ ला इजिप्तमध्ये शर्म अल शेखला भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत हानी आणि नुकसानीसाठी जो निधी ठरला, त्यातून पूरग्रस्त शहरांना थेट पैसे मिळण्याची सोय हवी.

त्या परिषदेत निर्णय देश घेतात, महापालिकेला मत नाही. युरोपात १९९४ पासून ब्रसेल्सला प्रदेशांची समिती आहे. शहरांशी, प्रदेशांशी निगडित कायदे करताना तिचं मत विचारावंच लागतं. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून शहरांच्या जाळ्यातून जायचं. हवामान परिषदेतल्या स्थानिक संस्थांच्या मान्यताप्राप्त गटाचं काम 'इक्ली' ही शहरांची जागतिक संघटना बघते. तिचं दक्षिण आशियाचं कार्यालय दिल्लीत आहे, सदस्यत्वाला वर्गणी पडते. तुमचा प्रश्न पुराचाच असेल, तर आधी संयुक्त राष्ट्रांच्या 'मेकिंग सिटीज रेझिलियंट २०३०' या, शहरांना आपत्तींना तोंड द्यायला सक्षम करणाऱ्या उपक्रमात शहराचं नाव घाला. परराष्ट्र व्यवहार केंद्राचा विषय आहे, त्यामुळे परदेशी संस्थेशी करार करायचा असेल तर फाइल नगरविकास विभागातून वर जाऊ द्या. ही पायरी चुकली की सगळं तिथंच अडकतं.

आणि एकटं जाऊ नका. कराड, इचलकरंजी, कोल्हापूर, सगळ्यांचे ठराव एकाच शब्दांत हवेत. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत शासनाच्या सर्व स्तरांच्या सहभागाचं महत्त्व मान्य झालं. त्यामागे जगभरच्या शहरांनी एका सुरात वर्षानुवर्षं धरलेला आग्रह होता.

परिषद बहुधा नोव्हेंबरात भरते, पण जूनमध्ये जर्मनीतल्या बॉनला मधली बैठक होते आणि मसुद्यांवर तिथंच काम सुरू होतं. म्हणून ठराव फेब्रुवारीच्या सभेत घ्या, पत्र एप्रिलपर्यंत दिल्लीत पोचवा. जून लागला की आपलं सगळं लक्ष पुन्हा पुलावरच्या आकड्याकडे असतं.