गावाच्या नावाचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

कृष्णाकाठच्या कुठल्याही गावात जा आणि नाव कसं पडलं ते विचारा. चहा यायच्या आत उत्तर मिळतं, आणि त्यात राम, पांडव नाहीतर शिवाजी महाराज असतातच. साताऱ्याला सात दरवाजे, सांगलीला सहा गल्ल्या, वाईला विराटनगरी. यात्रेच्या अंकात, कमानीवर, आता व्हॉट्सॲपवर हेच फिरत राहतं. हौसेनं गावाचा इतिहास लिहायला बसलेली मंडळी इथंच फसतात, कारण ती सुरुवातच अर्थापासून करतात. अर्थ सगळ्यात शेवटी बघायचा. आधी ते नाव कुठल्या साली, कुठल्या कागदात किंवा दगडावर, कोणत्या रूपात आलंय ते गोळा करायचं.

कराडचं बघा. मध्य प्रदेशात भारहुतच्या स्तूपावर इसवी सनापूर्वीचे दानलेख आहेत, त्यांत 'करहकट' गावच्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. महाभारतात 'करहाटक' येतं. आजही जुनी माणसं 'कऱ्हाड' असंच म्हणतात आणि लिहितात. ही रूपं एकाखाली एक मांडली की नाव दोन हजार वर्षांपेक्षा जुनं आहे हे कळतं. मग गेल्या चार-पाचशे वर्षांतल्या कुणा सरदाराशी किंवा साधूशी ते जोडणाऱ्या गोष्टी आपोआप गळतात. मिरजेचंही तसंच. शिलाहार राजांच्या लेखांत 'मिरिंज', आदिलशाहीत 'मुर्तजाबाद', आणि लोकांच्या तोंडी शेवटी मिरजच. साताऱ्याचा किल्ला औरंगजेबानं १७०० साली घेतला आणि शहजादा आझमच्या नावावरून त्याला 'आझमतारा' म्हटलं. त्या काळातल्या मोगली कागदांत नुसतं 'सातारा' शोधत बसलात तर अर्ध्या नोंदी हातून निसटतील. आता ईश्वरपूर झालेल्या गावासाठी तर उरुण, इस्लामपूर आणि उरुण-इस्लामपूर ही तिन्ही रूपं धुंडाळावी लागतात. कुठलं नाव योग्य, हा वाद शोध घेताना बाजूला ठेवा, नाहीतर कागद हाती लागणार नाहीत.

उलटी गंगा

गावाचं नाव आणि आडनाव जुळलं की आडनावावरून गाव, असं धरून चालायची फार सवय आहे. जतच्या डफळे संस्थानिकांचं उलटं आहे. ते डफळापूरचे पाटील, गावावरून डफळे झाले. पाटलाच्या घराण्यानं गाव वसवलं असं कुणी सांगितलं, तर आधी कागदात कोण आलंय बघा, गाव की घराणं.

दुसरी खोड म्हणजे मराठीत अर्थ लागला नाही की ओढूनताणून संस्कृत लावायचं. सांगलीबद्दल सहा गल्ल्यांची कथा आहे आणि संगमाचीही, कारण हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम जवळच आहे. दोन्ही ऐकायला गोड. पण या मुलखात शतकानुशतकं कन्नडची ये-जा होती. शिलाहारांचे कितीतरी लेख कन्नडमध्ये आहेत. जत तालुक्याच्या पूर्वेला आजही घराघरांत कन्नड बोलतात. नावातला 'हळ्ळी' (कन्नडमध्ये गाव) किंवा 'हाळ' मराठी माणसाला कोडं वाटतो, आणि तिथला किराणा दुकानदार बसल्या जागी तो सोडवून देतो. व्युत्पत्ती लिहायच्या आधी एका कन्नड जाणत्याला विचारायला काही खर्च येत नाही.

तरी दंतकथा फेकून देऊ नका. बहे गावी नदीच्या मधोमध रामलिंग बेट आहे, समर्थांच्या अकरा मारुतींपैकी एक तिथं आहे. मारुतीनं बाहू आडवे धरून कृष्णेचं पाणी थोपवलं, म्हणून बहे, असं सांगतात. नावाची व्युत्पत्ती म्हणून हे टिकेल असं मला वाटत नाही. पण त्या बेटाशी प्रवाह दुभंगतो, आणि पुराची धास्ती पिढ्यान् पिढ्या बाळगणाऱ्या गावानं ते कसं समजून घेतलं, हे त्या कथेत आहे. ती 'लोक असं सांगतात' या मथळ्याखाली स्वतंत्र लिहा. नावाच्या खुलाशात मिसळू नका.

चुकीच्या जिल्ह्यात शोधणं

'आमच्या गावाचं कुठंच काही सापडत नाही' अशी तक्रार सांगली जिल्ह्यात फार ऐकू येते. बहुतेक वेळा जुन्या कागदांचं दप्तर असतं, शोधणारा चुकीच्या दारात उभा असतो. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन जिल्हे झाले. दक्षिण साताऱ्याला 'सांगली' हे नाव मिळालं २१ नोव्हेंबर १९६० ला. त्याआधीचे वाळवा, तासगाव, शिराळ्याचे कागद साताऱ्याच्या नावावर आहेत. सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, जत डफळ्यांचं, आटपाडी आणि कुंडल औंध संस्थानात. म्हणून १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये, म्हणजे ब्रिटिशांच्या जिल्हा माहितीग्रंथात, वाळवा आणि तासगाव तालुके म्हणून भेटतात, सांगली-मिरज भेटत नाहीत. पलूस आणि कडेगाव हे तालुके अलीकडचे, जुन्या कागदांत ती गावं तासगाव नाहीतर खानापूरखाली आहेत.

प्रतिसरकारचंही, म्हणजे १९४२ च्या चळवळीतल्या समांतर सरकारचंही, तेच. पुस्तकांत 'साताऱ्याचं प्रतिसरकार' वाचून लोक आजच्या सातारा जिल्ह्यात जागा शोधतात, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र आणि कुंडल दोन्ही आज सांगलीत आहेत. शोध घेण्याआधी गावापुरता एक कागद करा: कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत कुठलं संस्थान, तालुका, जिल्हा. निम्मी अडचण तिथंच सुटते.

एकाच नावाची दोन गावं

सोनगाव संमत निंब वेगळं, सोनगाव तर्फ सातारा वेगळं. तडवळे संमत वाघोली आणि तडवळे संमत कोरेगावही तसंच. 'संमत' आणि 'तर्फ' हे जुने महसुली विभाग, यादीत त्यांचा नुसता 'सं.' किंवा 'त.' उरतो आणि नवखा माणूस तो छपाईची चूक समजून गाळतो. तिथून पुढे एका सोनगावचा पाटील दुसऱ्या सोनगावच्या इतिहासात जाऊन बसतो. बुद्रुक-खुर्दचंही भान ठेवा. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं, पण ही वाटणी जुन्या काळची. आज खुर्दची वस्ती मोठी असेल तरी कागदात ती खुर्दच. शिवाय कोयना आणि वारणेच्या धरणांनी उठलेली गावं दुसऱ्या मुलखात जुन्याच नावानं वसली आहेत. तिथली अलीकडची नोंद मूळ गावाला चिकटवू नका.

सन वाचताना

मोडी कागदात 'सन ११५१' दिसलं की ते इसवी सन नव्हे. 'इहिदे खमसैन मया व अलफ' असं अरबी शब्दांत लिहिलं असेल तर तो सुहूर सन, त्यात ५९९ मिळवले की १७५० येतं. सुहूर वर्ष मृगाला बदलतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. फसली (महसुली सन) असेल तर ५९०-५९१, शक असेल तर ७८-७९. मोडी वाचणाऱ्याकडून आधी ओळीला ओळ लिप्यंतर घ्या, अर्थ नंतर. मोडीत शब्द सुटे नसतात, आणि अर्थ मनात धरून वाचणारा नकळत हवं तिथं तोडतो.

माणसांना विचारताना

सगळ्यात जास्त माती इथं होते. 'आबा, रामाचे पाय लागले म्हणून गावाला हे नाव पडलं ना?' असं विचारलं की आबा म्हणणार, 'व्हय, तसंच आसंल.' पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं! त्यापेक्षा शिवारात चला. 'आबा, तुम्ही गुरं कुठनं पाण्यावर न्यायचा? त्या पट्टीला काय म्हणायचे?' मग मळी निघते, जुना उतार, म्हणजे नदी ओलांडायची उथळ जागा, निघतो, पडकी पांढरी निघते. पांढरी म्हणजे जुनी वस्ती. त्या टेकाडावर खापरं सापडतात आणि गाव पुरामुळं वर सरकलं की दुष्काळानं उठलं, याचा माग तिथूनच लागतो. नदीकाठच्या गाळाच्या रानाला मळी म्हणतात, मळीतल्या वांग्यांची चव सांगायला नको. शेतांची अशी नावं सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' या रकान्यात असायला हवीत, पण तो रकाना बहुधा कोरा सापडतो. जुने हस्तलिखित उतारे मागून बघा, तिथं कधीकधी असतात.

बायकांना विचारायचं राहूनच जातं. धुण्याचे दगड, पाणवठे, घाटाच्या कुठल्या पायरीशी काय म्हणतात, हे त्यांना तोंडपाठ असतं. दुसऱ्या गावाहून सून म्हणून आलेल्या आजीला तर माहेरच्या शिवाराचीही नावं आठवतात. नदीची नावं हवी असतील तर आंबी-कोळ्यांच्या घरी जा. डोह, उतार, धार फिरते त्या जागा त्यांच्याइतक्या कुणाला माहीत नसतात.

वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड) किंवा शिलालेख दिसला की तारेच्या ब्रशनं घासू नका, रंग भरू नका, ॲसिड तर नकोच. संध्याकाळी बॅटरी बाजूनं तिरकी धरा, अक्षरं आपोआप उठतात, तेव्हा फोटो काढा. शेंदराचा थर खरवडायची परवानगी गुरव देईल, गाव देणार नाही.

प्रत्येक नोंदीवर गट नंबर, सांगणाऱ्याचं नाव, त्यांचं माहेर किंवा मूळ गाव आणि तारीख लिहा. आणि सगळं एका ट्रंकेत ठेवू नका. २०१९ साली सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा काठच्या घरांतली दप्तरं लगदा होऊन बाहेर आली. एक प्रत माळावरच्या नातेवाइकाकडे, फोटोंची दुसरी प्रत पुण्यात नाहीतर मुंबईत राहणाऱ्या मुलाच्या कॉम्प्युटरवर टाकून ठेवा.