क्लॅमिडिया: गोळ्या घेऊनही परत होतोय? या चुका टाळा

एप्रिल-मेमधे पुण्यात लघवीला जळजळ व्हायला लागली की घरोघरी एकच निदान, उन्हाळी लागली. मग धण्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, बार्ली. दोन दिवसांत थांबलं तर काही प्रश्नच नाही. पण कंडोमशिवाय संबंध आलेला असेल किंवा पार्टनर नवीन असेल आणि जळजळ जातच नसेल, लिंगातून पाण्यासारखा नाहीतर पांढरट स्राव येत असेल, बायकांना अंगावरून जास्त जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, ओटीपोटात दुखत असेल, तर क्लॅमिडियाची शंका घ्याच. जिवाणूमुळे होणारा लैंगिक आजार आहे, खूप जणांना होतो आणि पूर्ण बरा होतो.

मग काही जणांना परत परत का होतो? औषध लागू पडत नाही म्हणून क्वचित, बहुतेक वेळा एकट्यानेच उपचार घेतले म्हणून.

पार्टनरला न सांगणं

सगळ्यात मोठी चूक हीच. तुम्ही गोळ्या घेतल्या, बरे झालात, पार्टनरला काहीच त्रास नाही म्हणून त्याला किंवा तिला सांगितलंच नाही, आणि पंधरा दिवसांनी परत तिथूनच तुमच्याकडे आला. एकदा झाला म्हणून पुढच्या वेळी शरीर अडवत नाही. आणि त्रास नसणं हेच तर या आजाराचं लक्षण म्हणावं लागेल, बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना काहीही जाणवत नाही, महिनोन्‌महिने. म्हणूनच रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की घरात लगेच "तू कुठे गेला होतास", "तू कुठून आणलंस" सुरू होतं ना, ते कृपया करू नका. कुणाकडून कुणाला आणि कधी झाला हे रिपोर्टवरून कळत नाही, लग्नाआधीचा जुना पण असू शकतो. भांडणात एकाची ट्रीटमेंट राहून जाते आणि ती बहुतेक वेळा बायकोची राहते, तिला कुणीतरी तांदळाचं धुवण प्यायला सांगतं आणि आत संसर्ग गर्भाशय, गर्भनलिकांपर्यंत चढतो. पुढे मूल न राहणं, गर्भ नलिकेतच राहणं, हे सगळं त्यातूनच होऊ शकतं.

समोर बसून बोलायला जमत नसेल तर मेसेज करा, लांबड न लावता: "माझी टेस्ट केली, क्लॅमिडिया निघालाय. गोळ्यांनी बरा होतो. तुला त्रास नसला तरी असू शकतो, तू पण डॉक्टरकडे जाऊन ये. तोपर्यंत आपण थांबू." एवढं पुरतं. मागच्या ६० दिवसांत ज्यांच्याशी संबंध आला त्या सगळ्यांना कळवायचं. आणि थांबू म्हणजे खरंच थांबायचं, सात दिवसांचा कोर्स असेल तर दोघांचा संपेपर्यंत, एकच डोस असेल तर दोघांनी घेतल्यापासून सात दिवस.

चुकीची टेस्ट

"लघवीची रुटीन आणि कल्चर केली, नॉर्मल आली." अहो, नॉर्मलच येणार! हा जिवाणू पेशींच्या आत राहतो, नेहमीच्या कल्चरमधे वाढतच नाही. त्याच्यासाठी पीसीआरसारखी टेस्ट लागते, डॉक्टरला तसं स्पष्ट विचारा. कल्चरला मधली लघवी देतात, इथे उलट, अगदी सुरुवातीची धार हवी आणि त्याआधी तासभर तरी लघवीला गेलेलं नसावं. बायकांसाठी योनीतला स्वॅब जास्त चांगला, तो स्वतः पण घेता येतो. तोंडाने किंवा गुदमार्गाने संबंध असतील तर तिथला स्वॅब वेगळा द्यावा लागतो, लघवीत ते सापडत नाही, त्यामुळे डॉक्टरपासून लपवू नका. संबंध आल्यावर दुसऱ्याच दिवशी टेस्ट करून निगेटिव्ह आली म्हणून निवांत होऊ नका, साधारण दोन आठवडे जाऊ द्या (त्रास असेल तर अर्थातच थांबायचं नाही).

मेडिकलमधून गोळ्या

काउंटरवर हळू आवाजात "लघवीला जळजळ होतीये" सांगून नॉरफ्लॉक्सची पट्टी आणणारे खूप आहेत. तिने क्लॅमिडिया जात नाही. नुसत्या सेफिक्झिमवर पण भरवसा नाही, ती गनोरिया (परमा) या दुसऱ्या लैंगिक आजारासाठी देतात. सहसा डॉक्टर डॉक्सिसायक्लिन १०० एमजी दिवसातून दोनदा सात दिवस देतात, गरोदर बाईला डॉक्सी चालत नाही, तिला ॲझिथ्रोमायसिन एक ग्रॅम एकदाच. तीन दिवसांत बरं वाटलं म्हणून डॉक्सी सोडायची नाही. जेवणानंतर मोठा ग्लासभर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, घशात अडकली तर अन्ननलिका भाजून निघते. दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या, अँटासिड त्याच वेळी नको, दोन तासांचं अंतर ठेवा. कातडी उन्हात लवकर भाजते, त्यामुळे टू-व्हीलरवर सनकोट-स्कार्फ आठवडाभर पुरुषांनी पण घाला, लाजू नका.

कोर्स संपला की लगेच टेस्ट नको. मेलेल्या जिवाणूंचे अंश राहतात आणि उगाच पॉझिटिव्ह येतं. तीन महिन्यांनी परत करायची, त्यात टाळाटाळ नको. गरोदर असेल तर साधारण चार आठवड्यांनी पण एकदा.

लाजेपायी भलतीकडे जाणं

भिंतींवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातवाल्यांकडे जाऊ नका. पुण्यात ससून हॉस्पिटलमधे स्किन-व्हीडीची (त्वचा आणि लैंगिक आजारांची) ओपीडी आहे, सरकारी हॉस्पिटलांतल्या सुरक्षा क्लिनिकमधे (लैंगिक आजारांसाठीचं क्लिनिक) तपासणी आणि औषधं फुकट मिळतात, लिंगातून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून स्राव असेल तर तिथे ग्रे रंगाचं किट देतात ज्यात ॲझिथ्रो आणि सेफिक्झिम दोन्ही असतं, म्हणजे क्लॅमिडिया आणि गनोरिया दोन्हीवर उपचार एकदम. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या सरकारी एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे. त्याच फेरीत एचआयव्ही आणि सिफिलिसची टेस्ट पण करून घ्या, एकाच वाटेने येणारे आजार आहेत.

आणि ताप येऊन ओटीपोटात जोरात दुखत असेल, एका बाजूचं वृषण सुजून दुखत असेल, किंवा पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला कळा येत असतील, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघू नका, त्याच दिवशी कॅज्युअल्टी गाठा.